इन्ग्रेस्सो लीबेरो

मिलानमधल्या एका चपलांच्या दुकानाच्या काचेवर मी ती पाटी पहिल्यांदा पाहिली. 'इन्ग्रेस्सो लीबेरो'. फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला, तर भाषांतराचं ॲप म्हणालं, 'मुक्त प्रवेश'.

मी फुटपाथवर तसाच थोडा वेळ उभा राहिलो. चपलांच्या दुकानात शिरायला कुठं तिकीट लागतं का? म्युझियमच्या दारावर असं लिहिलं असतं तर समजू शकतो. पुढच्या काही आठवड्यांत तीच पाटी घड्याळांच्या, कापडांच्या आणि जुन्या चित्रांच्या दुकानांवरही दिसली. ऑफिसातल्या इटालियन सहकाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. असते पाटी. आपल्याकडे गल्ल्यावर 'शुभ लाभ' असतं तशी. कुणी वाचत नाही.

मी तिथं कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी गेलो होतो, मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. माझं काम किराणा घरपोच देणाऱ्या ॲप्ससाठी 'चेकआउट' लिहिण्याचं. माणसानं ॲप उघडल्यापासून पैसे भरेपर्यंत किती वेळा बोट टेकवावं लागतं ते आम्ही मोजतो आणि दर तीन महिन्यांनी कमी करतो. काम जमलं म्हणजे गिऱ्हाइकाला कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या सवयीचाही हात होता.

राहायच्या जागेजवळ कोपऱ्यावर एका बाईचं फळांचं दुकान होतं. सत्तरीची बाई, आखूड पांढरे केस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. दुसऱ्याच दिवशी मी कानात इअरफोन घालून आत शिरलो, सरळ पीचच्या खोक्याकडे गेलो आणि आपण आंबा बघतो तसा एकेक पीच अंगठ्यानं दाबून बघायला लागलो. चौथ्या पीचला मागून आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण शाळेत बाई 'हात खाली' म्हणायच्या तोच सूर. मी इअरफोन काढले. तिनं आधी पीचकडे बोट दाखवलं, मग माझ्या हाताकडे. दुकानात आणखी दोन माणसं होती, तीही माझ्याकडे बघत होती. मी काही न घेता, काही न बोलता बाहेर पडलो.

पाच मिनिटांत निदान चार चुका झाल्या होत्या, पण तेव्हा मला त्यातली एकही माहीत नव्हती. त्या रात्री मला एवढंच वाटत होतं की आपण काळे, म्हणून बोलली.

इटलीत जाणाऱ्या परदेशी माणसाला हल्ली सगळेच ज्या सूचना देतात, त्या मी नंतर वाचल्या. दुकानात शिरताना 'बोंजोर्नो' म्हणा, दिवस कलल्यावर 'बोनासेरा'. 'चाओ' नको, ते आपल्या 'काय रे'च्या जवळचं. अनोळखी माणसाशी 'लेई', म्हणजे अहो-जाहो. काही घेतलं नाही तरी निघताना 'ग्रात्स्ये, अरिवेदेर्ची'. फळ-भाजीला हात लावू नका, काय हवं ते सांगा. किंमत लिहिलेली असेल तर घासाघीस नको. चीज आणि मांसाच्या काउंटरपुढे यंत्रातून नंबर घ्या. यंत्र नसेल तर 'की ए लूल्तिमो?', म्हणजे 'शेवटचं कोण?' असं विचारा, आपल्याकडे दवाखान्यात विचारतात तसं, आणि त्या माणसावर नजर ठेवून खुशाल कुठंही उभे राहा. कॉफी उभ्यानं प्या, टेबलाशी बसलात तर तीच कॉफी महाग पडते. आणि दुपारी जेवणाच्या वेळी दुकान बंद असेल तर चिडू नका. (या शेवटच्या नियमासाठी पुणेकरांना वेगळं प्रशिक्षण लागत नाही.)

या सूचनांचा सूर असा असतो, की जणू रोमन काळापासून इटालियन माणूस दुकानात असाच वागत आला आहे. मीही तेच धरून चाललो होतो. मग एकदा बेडेकर हाती लागलं.

लोणच्याचे बेडेकर नव्हेत. हे जर्मन बेडेकर, एकोणिसाव्या शतकात प्रवाशांसाठी लाल बांधणीची गाइडं काढणारे. इटलीला जाणारा इंग्रज किंवा जर्मन माणूस ती खिशात घालूनच जायचा. त्यांच्या इटलीच्या गाइडांत दुकानांबद्दलचा सल्ला आजच्या बरोबर उलटा आहे. दुकानांत भाव क्वचितच ठरलेले असतात, सांगितलेल्या किमतीच्या दोन-तृतीयांश किंवा तीन-चतुर्थांशच देऊ करा. एवढ्यावर न थांबता गाइड एक इटालियन वाक्यही शिकवतं, 'नॉन व्होलेते?', म्हणजे 'नाही म्हणता मग?' हे म्हणून वळायला लागा, सौदा लगेच जुळतो. थोडक्यात, तुळशीबागेतलं तंत्र.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जो परदेशी माणूस इटालियन दुकानात घासाघीस न करता पैसे द्यायचा तो बावळट ठरायचा, आणि आज जो करतो तो असभ्य ठरतो. आजच्या सूचना मग कधीच्या, हे मला शोधावंसं वाटायला लागलं. शनिवार-रविवार मोकळेच होते.

जुन्या इटालियन शहरांत बाजाराच्या भिंती वाचता येतात. बोलोन्यात पालाझ्झो दाक्कुर्सियो या नगरभवनाच्या बाहेरच्या भिंतीत शहराची अधिकृत लांबीची मापं दगडात बसवलेली आहेत. कापड घेतलं आणि शंका आली, तर इथं आणून लावून बघा. पादुआत पालाझ्झो देल्ला राजोने नावाची मध्ययुगीन प्रचंड इमारत आहे. खाली आजही बाजार भरतो, वर न्यायालयाचा दिवाणखाना, आणि खालच्या एका कमानीत अशीच दगडात कोरलेली मापं. व्हेनिसच्या रियाल्तोच्या मासळीबाजारात संगमरवराची पाटी आहे, तिच्यावर कोणता मासा किमान किती लांबीचा असेल तरच विकता येईल ते कोरलंय: बाम २५ सेंटिमीटर, तारली ७.

ही मापं कुणासाठी होती? गल्लीतल्या माणसाला दुकानदार ठाऊक असायचा, आणि त्याला फसवलं तर उद्या तोंड दाखवायचं होतंच. दगडातल्या मापाची गरज जास्त पडायची ती परगावच्याला, जत्रेला आलेल्या अनोळखी माणसाला. त्याला कुणाला विचारावं लागू नये, हात लावून स्वतःच खात्री करता यावी. दुकानदारानं शब्द मोडला तर काय, याचीही दगडात सोय होती. पादुआच्या त्याच दिवाणखान्यात काळ्या दगडाचा एक ठोकळा आहे. कर्ज फेडू न शकलेल्या माणसाला अंगावरच्या सदऱ्यानिशी त्याच्यावर सर्वांदेखत तीनदा बसून, मालमत्तेवरचा हक्क सोडला असं म्हणावं लागे. फ्लॉरेन्सच्या बाजारात तर दिवाळखोराचं उघडं बूड फरशीवरच्या ठरावीक दगडावर आपटत. तो दगड अजून आहे, पर्यटक त्याच्यावर उभे राहून सेल्फी काढतात.

माप असं दगडात, शिक्षाही दगडात. भाव मात्र मला भिंतीवर कुठंच कोरलेला दिसला नाही. तो बोलूनच ठरायचा, आणि समोरच्याचं तोंड, कपडे, बोलीचा हेल बघून ठरायचा.

याला मोठा अपवाद पावाचा. पावाची किंमत शहराचं सरकार बांधून द्यायचं. मिलानमध्ये ११ नोव्हेंबर १६२८ला पावावरून दंगल झाली. मांझोनीच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीमुळे शाळेत गेलेल्या प्रत्येक इटालियन माणसाला ती ठाऊक असते. दुष्काळात पावाची किंमत आधी जबरदस्तीनं खाली आणली आणि मग वाढवली, तेव्हा लोकांनी बेकऱ्या फोडल्या. त्यातली एक बेकरी आजच्या कोर्सो व्हित्तोरियो एमानुएलेवर होती, मिलानच्या कॅथीड्रलच्या मागं. आज तिथं ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत, आणि तिथून दोन मिनिटांवर माझ्या पाटीचं मूळ.

जुन्या इटालियन दुकानाची मांडणी डोळ्यांसमोर आणायची तर मला आमच्या आजोबांचं किराणा दुकान आठवावं लागतं. तालुक्याच्या गावी, रस्त्याला लागून. गिऱ्हाईक आत येतच नसे. ते पायरीवर उभं राहून 'पावशेर साखर' म्हणायचं, आजोबा गादीवरून उठायचे. इटलीतलं मध्ययुगीन दुकान असंच होतं. तळमजल्याच्या कमानीत फळीचा किंवा दगडाचा कट्टा, आत दुकानदार, रस्त्यावर गिऱ्हाईक. पॉम्पेईतली दुकानंही कट्ट्याचीच. पुढं कट्टा आत गेला आणि गिऱ्हाईक उंबरा ओलांडायला लागलं, पण माल कट्ट्याच्या मागं खणांतच राहिला. कुठल्याही वस्तूवर किंमत नाही, मालक काढून दाखवणार तेव्हा दिसणार. अशा जागी आत पाऊल टाकणं म्हणजे 'मला घ्यायचंय' असं जाहीर करणं. नुसतं बघायला जाणं म्हणजे कुणाच्या घरात शिरून कपाट उघडायला लावणं.

हे मोडलं कापडाच्या छोट्या धंद्यातून वर आलेल्या दोन भावांनी. फेर्दिनान्दो आणि लुइजी बोक्कोनी. १८६५मध्ये त्यांनी मिलानमध्ये एका गल्लीत तयार कपड्यांचं दुकान टाकलं. शिंप्याकडं माप न देता कपडे विकत घ्यायचे, हीच तेव्हा नवलाई. पॅरिसच्या बों मार्शेचा कित्ता गिरवत त्यांनी धंदा वाढवत नेला आणि १८८९मध्ये कॅथीड्रलच्या शेजारी कित्येक मजली इमारत उघडली, 'आल्ले चित्ता दितालिया', म्हणजे 'इटलीची शहरं'. या नव्या भांडारांचे दोन नियम होते. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली आणि ती सगळ्यांना एकच. आणि कुणीही आत या, हिंडा, काही न घेता परत जा.

इन्ग्रेस्सो लीबेरो. मुक्त प्रवेश. घ्यायची सक्ती नाही.

या नियमांना लोक सरावले, तेव्हा छोट्या दुकानांनाही तेच काचेवर लिहावं लागलं. 'आम्हीसुद्धा. घाबरू नका, आत या.' ज्या भीतीसाठी पाटी लागली ती भीती गेली, पाटी राहिली. जुन्या कोडमध्ये असा एखादा 'इफ' सापडतो, ज्याची अट आता कधीच खरी होत नाही, पण काढायची कुणाची हिंमत होत नाही. तसंच हे.

पुढचं थोडक्यात सांगतो. फेर्दिनान्दोचा मुलगा लुइजी १८९६मध्ये इथिओपियात अडवाच्या लढाईत गेला, त्याच्या नावानं बापानं १९०२मध्ये मिलानमध्ये विद्यापीठ काढलं. आज एमबीएला जाणारी आपली मुलं ज्या 'बोक्कोनी'चं नाव घेतात ते हेच. दुकान १९१७मध्ये सेनातोरे बोर्लेत्ती यांनी घेतलं, कवी दानुन्झिओनं त्याला 'ला रिनाशेन्ते' हे नाव दिलं. पुनर्जन्म घेणारी. नाव भलतंच खरं ठरलं. १९१८च्या नाताळच्या रात्री ते जळालं, १९२१मध्ये परत उघडलं, १९४३च्या बॉम्बवर्षावात कोसळलं, १९५०मध्ये परत उभं राहिलं. याच मंडळींनी १९२८मध्ये स्वस्त दुकानांची साखळी काढली, उपिम. त्यातल्या उ आणि पचा अर्थ 'उनिको प्रेत्सो', एकच भाव. नावातच पाटी.

इथपर्यंतची गोष्ट पॅरिस, लंडन किंवा मुंबईच्या गोष्टीहून फार वेगळी नाही. मग इटलीत अजून 'बोंजोर्नो' का लागतं? दुकानाचा मॉल होऊन उंबरा पुसला का गेला नाही? मला याचं सर्वांत पटलेलं उत्तर संस्कृतीच्या पुस्तकात सापडलं नाही, ते कायद्यात सापडलं.

१६ डिसेंबर १९२६ला मुसोलिनीच्या सरकारनं वटहुकूम काढला. दुकान उघडायचं तर नगरपालिकेचा परवाना हवा, आणि गरज नाही असं वाटलं तर पालिका तो नाकारू शकते. सरकार पडलं, राजा गेला, प्रजासत्ताक आलं, परवाना राहिला. १९७१च्या कायद्यानं त्यालाच नियोजनाचं रूप दिलं. कुठल्या वस्तीत कुठल्या प्रकारची किती दुकानं हवीत हे पालिकेनं आखायचं, आणि मालाचे १४ तक्ते, ज्या तक्त्याचा परवाना त्यातलाच माल. १९९८मध्ये बेर्सानी मंत्री असताना हे मोडलं. १४ तक्त्यांचे दोन विभाग उरले, खाद्य आणि अखाद्य. छोट्या दुकानाला परवाना लागेनासा झाला, आणि मांडलेल्या मालावर किंमत स्पष्ट लिहिण्याचं बंधन त्याच कायद्यात आलं. दुकानांच्या वेळा आणि रविवारची सुटी यांवरची बंधनं तर मोंती सरकारनं डिसेंबर २०११च्या वटहुकमानं काढली.

म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं इटलीतल्या छोट्या दुकानदाराभोवती कुंपण होतं. या कुंपणाबद्दल मला फार प्रेम नाही. आत असलेल्याचं भलं आणि बाहेरून येऊ पाहणाऱ्याला दार बंद, असं ते होतं, आणि गिऱ्हाइकाला माल महाग मिळायचा. पण त्याच्या आड एक जुनी गोष्ट टिकली. बेकरी, खाटीक, फळवाला, चीजवाला वेगवेगळे राहिले, कट्ट्याच्या पलीकडं मालक स्वतः उभा राहिला, आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय माल मिळेनासा तो मिळेनासाच राहिला.

कुंपणाला पहिलं मोठं भोक पडलं तेही मिलानमध्येच. नोव्हेंबर १९५७मध्ये व्हियाले रेजिना जोव्हान्ना या रस्त्यावर 'सुपरमार्केट्स इतालियानी' कंपनीचं पहिलं दुकान उघडलं. भांडवलात अमेरिकेच्या नेल्सन रॉकफेलरचा वाटा होता. दुकानदारांच्या संघटनांनी विरोध केला, परवाने अडले. माक्स हुबर या चित्रकारानं काढलेल्या बोधचिन्हात 'सुपरमार्केट'चा एस लांबलचक ओढलेला होता, म्हणून लोक त्याला 'लांब एस' म्हणायला लागले, आणि शेवटी कंपनीनं तेच नाव घेतलं, एस्सेलुंगा. मी रोज ऑफिसातून येताना एका एस्सेलुंगात जायचो. तिथं फळाला हात लावता येतो, पण आधी प्लॅस्टिकचा पातळ हातमोजा चढवायचा, मग फळाचा नंबर लक्षात ठेवून काट्यावर स्वतः वजन करायचं आणि चिकटपट्टी लावायची. पहिल्यांदा मी वजन न करताच गल्ल्यावर गेलो, तेव्हा मागच्या सात माणसांनी एकदम सुस्कारा सोडला.

त्या हातमोज्याकडे बघून मला हसू यायचं. कट्टा गेला, मालक गेला, बोलणं गेलं. 'हात लावायचा नाही' एवढा जुना नियम मात्र प्लॅस्टिकचा होऊन राहिला.

आणखी एका कागदाबद्दल सांगायला हवं, कारण त्यानंही मला घाबरवलं. एकदा बारमध्ये कॉफी प्यालो. इटलीत बार म्हणजे आपलं अमृततुल्य, दारूचा गुत्ता नव्हे. सव्वा युरो काउंटरवर ठेवले आणि बाहेर पडलो. आतून माणूस पळत आला, 'स्कोन्त्रीनो! स्कोन्त्रीनो!' मला वाटलं, चोरीचा आळ. त्यानं हातात कागदाचा चिटोरा कोंबला आणि परत गेला. पावती. १९८३च्या कायद्यानं दुकानांत टप्प्याटप्प्यानं सरकारी शिक्क्याचं बिलयंत्र आलं, कारण कर बुडवणं हा तिथला जुना आजार. नियम असा होता की पावती न देणाऱ्या दुकानदाराला दंड आणि ती न घेता बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकालाही दंड. दाराबाहेर वित्त पोलीस उभे राहून विचारू शकायचे. गिऱ्हाइकाचा दंड २००३मध्ये रद्द झाला. बारवाला पन्नाशीचा असावा, त्याच्या पायांना ती बातमी पोचली नव्हती.

तंबाखूच्या दुकानांवरच्या जुन्या पाट्यांवर 'साली ए ताबाक्की' असं लिहिलेलं असतं, मीठ आणि तंबाखू. दोन्हींवर सरकारची मक्तेदारी. मिठावरची १९७०च्या दशकापर्यंत टिकली. दांडीयात्रा पाठ केलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. आज तिथं बसची तिकिटं मिळतात.

आता मला 'बोंजोर्नो' कुणी शिकवलं ते सांगतो. रात्री उशिरा उघडं असणारं एक छोटं दुकान होतं, पाणी, पाव, सिमकार्ड, तांदूळ, मसाले. मालक बांगलादेशी, शरियतपूरचा, सिनेमांमुळे हिंदी उत्तम. रोममध्ये, व्हेनिसजवळच्या मेस्त्रेमध्ये, मिलानमध्ये अशी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांतली कितीतरी इटालियन माणसानं शटर ओढलेल्या गाळ्यांत आहेत. मी त्याला फळवालीची गोष्ट सांगितली. म्हटलं, गोऱ्या माणसाला अशी ओरडली असती का?

तो हसला. म्हणाला, ती सगळ्यांना ओरडते, जर्मनांना जास्त. मग म्हणाला, तू आत गेलास तेव्हा काय म्हणालास? मी म्हटलं, काही नाही. "तो फिर तू ग्राहक कैसे हुआ? वो तो घुसना हुआ."

पण एवढं सांगून त्यानं विषय गोड केला नाही. म्हणाला, बोंजोर्नो म्हटल्यावरही कुणी उत्तर देत नाही, तेव्हा समजायचं की ते रंगाचं होतं. आधी म्हणालास तरच फरक कळतो. त्याच्याकडं अशा दुकानांची यादी होती. लांबलचक नव्हती, पण होती.

त्यानंच मला 'पेर्मेस्सो' हा शब्द दाखवला. इटालियन माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना, दार उघडं असलं, यजमान समोर उभा असला तरी उंबऱ्यावर थांबून म्हणतो, 'पेर्मेस्सो?' येऊ का? गर्दीतून वाट काढतानाही तोच शब्द. आणि परदेशी माणसाला इटलीत राहण्यासाठी जो कागद लागतो त्याचं नाव पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो, वास्तव्याचा परवाना. बोलताना नुसतं 'पेर्मेस्सो'. त्याचं नूतनीकरण चालू होतं, कितव्यांदा ते त्यानं मोजणं सोडलं होतं. गल्ल्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्जाची पोचपावती ठेवलेली. "तुम लोग घूमने आते हो, तुम्हारे लिए ये मॅनर्स है," एवढं म्हणून तो गिऱ्हाइकाकडं वळला. बोनासेरा, सिन्योरा.

त्याच्या दुकानाच्या काचेवर 'इन्ग्रेस्सो लीबेरो' नव्हतं. आधीच्या मालकाची असती तर कदाचित राहिली असती.

फळवालीकडं मी परत गेलो ते तीन आठवड्यांनी. इअरफोन खिशात. दारातच मोठ्यानं 'बोंजोर्नो'. तिनं मान वर न करता 'बोंजोर्नो' म्हटलं. ओळखलं की नाही कोण जाणे. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो, पाहुण्यांच्या घरी बिस्किटांसमोर बसलेल्या मुलासारखा. पाळी आल्यावर म्हटलं, 'सेत्ते'. सात. हा आकडा मला सोपा होता. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३मध्ये मिरीच्या व्यापारासाठी भारतात आला, कोचीनला आणि गोव्यात राहिला आणि १५८८मध्ये गोव्यातच वारला. संस्कृतातले सप्त, अष्ट, नव हे आकडे आपल्या सेत्ते, ओत्तो, नोव्हेसारखेच आहेत, असं त्यानं घरी पत्रात कळवलं होतं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नाव आदरानं घेतात. मला तर तो माझ्याच धंद्यातला वाटतो, परक्या बाजारात उभं राहून आकड्यांवर भागवणारा.

बाईनं विचारलं, "पेर ओज्जी ओ पेर दोमानी?" आजसाठी की उद्यासाठी?

मला प्रश्न कळला आणि मग त्याचं कारणही. ती माझ्याकडं बघून, माझ्या उत्तरावरून पीच निवडणार होती. आज खायचे असतील तर पिकलेले, उद्यासाठी जरा कडक. मी म्हटलं, तीन आज, चार दोमानी. तिनं प्रत्येक पीच तळहातावर ठेवून, अंगठा अजिबात न लावता बघितला आणि दोन वेगळ्या पिशव्या बांधल्या. माझ्या अंगठ्याचे डाग पडलेल्या त्या चार पीचचं तिनं काय केलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

मग मी रोज जायला लागलो. ऑफिसातली एक सहकारी तिला लहानपणापासून ओळखत होती. ती म्हणाली, बाई मूळची दक्षिणेतली, पुल्याची. सात-आठ वर्षांची असताना आईवडलांबरोबर इथं आली. ती पन्नास-साठच्या दशकांतली लाट, लाखो लोक दक्षिणेतून मिलान-तुरीनच्या कारखान्यांकडं निघालेले, आणि इथल्या घरांवर पाट्या, दक्षिणेकडच्यांना जागा भाड्यानं मिळणार नाही. त्या पाट्यांबद्दल मी फळवालीला काही विचारलं नाही. तेवढं इटालियन मला येत नव्हतं. आलं असतं तरी विचारलं नसतं.

माझा शेवटचा दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला. इटलीत १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो, सम्राट ऑगस्टसच्या नावाची सुटी, आणि तिच्या आगेमागे अर्धं शहर शटर ओढतं. तिच्या दारावरही हातानं लिहिलेला कागद लागला होता, 'किउझो पेर फेरिये', सुटीनिमित्त बंद. खोकी जवळजवळ रिकामी. मी दोन पीच मागितले. तिनं विचारलं, आज की उद्या? मी म्हटलं, आज, उद्या विमान. इंडिया.

तिनं दोन दिले, वर एक घातला. मग काउंटरखालून गाजर, सेलरीची एक काडी आणि पार्स्लीची जुडी एकत्र बांधलेली काढून पिशवीत कोंबली. याला ओदोरी म्हणतात. रश्शाला वास यावा म्हणून घालायची पानं, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला फळवाले ती फुकट देतात. आपली भाजीवाली वर कोथिंबीर घालते तशीच. मी सांगायचा प्रयत्न केला की रात्री सामान बांधायचंय, स्वयंपाक नाही. ती 'सी, सी' म्हणत पैसे मोजत राहिली.

पिशवी घेऊन मी बांगलादेशी मित्राच्या दुकानात गेलो. बोनासेरा म्हटलं. ओदोरी काउंटरवर ठेवली. त्यानं पार्स्ली नाकाशी नेली, म्हणाला, डाळीत चालेल, आणि मला पैसे न घेता पाण्याची बाटली दिली. पेर्मेस्सोचं काय झालं म्हणून विचारलं. सप्टेंबरची तारीख मिळाली होती. मागं कुणीतरी उभं होतं, म्हणून मी बाजूला झालो.